फुंकणी कुणाच्या हाती?

फुंकर ही आपल्या घरातली फार जुनी गोष्ट. गरम दुधावर फुंकर, विझत आलेल्या निखाऱ्यावर फुंकर, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर. काम झाले की ती हवेत विरून जाते. मागे खूण म्हणून काही उरत नाही. याला एक ठळक अपवाद आहे, तो काचेचा. पोकळ लोखंडी नळीच्या टोकाशी वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचे. आतला श्वास पुढे निघून जातो, पण त्याने केलेला आकार शेकडो वर्षे तसाच राहतो. सीरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात कुणा अनाम कारागिराला ही युक्ती सापडली. त्या आरंभीच्या काळातल्या नाजूक कुप्या आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. फुंकणारा गेला, फुंकर राहिली.

अशा हजारो फुंकरींचा मिळून झालेला एक मनोरा अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहरी आहे. १९२५ साली स्थापन झालेले तिथले मुलांचे संग्रहालय हे आपल्या प्रकारच्या संग्रहालयांत जगातले सर्वांत मोठे मानले जाते. त्या इमारतीच्या मध्यभागी २००६ साली ‘फायरवर्क्स ऑफ ग्लास’ नावाचे शिल्प उभे राहिले. नावाप्रमाणेच ती काचेची आतषबाजी आहे. मनोऱ्याची उंची ४३ फूट, म्हणजे आपल्याकडच्या चारमजली इमारतीएवढी. त्यात फुंकून केलेल्या काचेचे ३,२०० तुकडे आहेत. आणि मनोऱ्याच्या पायाशी जे काचेचे छत केले आहे, त्यात आणखी १,६०० तुकडे पसरलेले आहेत. लाल, पिवळे, निळे; कुणी शिंगासारखा वळलेला, कुणी वेलीच्या तणाव्यासारखा पिळलेला. आतल्या पोलादी सांगाड्यावर हे सारे तुकडे एकेक करून बसवलेले. भर उडालेल्या भुईनळ्याला कुणी ‘थांब’ म्हणावे आणि त्याने खरोखरच थांबावे, तसे ते दिसते. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेणारी उतरती वाट या मनोऱ्याला वळसे घालत जाते, त्यामुळे तो खालून, वरून, बाजूने, सगळीकडून पाहता येतो. खालच्या छताखाली तर मुलांनी चक्क उताणे पडून वर पाहावे अशी सोय आहे. आपल्या डोक्यावर हजारो काचा आहेत आणि आपण निवांत आडवे आहोत, हा अनुभव मुलांना मुद्दाम दिलेला आहे.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाऊन आलेले आजी-आजोबा आता आपल्या ओळखीपाळखीत सहज भेटतात. नातवंडाचे बोट धरून अशी संग्रहालये पाहण्याचा योग त्यांना येतो. एवढी मोठी काचेची वस्तू समोर आली की आपल्या माणसाच्या मनात पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘हे पुसतात कसे?’ हा पहिला, आणि ‘पडले तर?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न संसारी माणसाचे आहेत आणि रास्त आहेत. परंतु तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो म्हणजे, ‘हे फुंकले कुणी?’ विचारला जात नाही, कारण उत्तर ठाऊक आहे असे आपल्याला वाटते. शिल्पाशी एकच नाव जोडलेले आहे: डेल चिहुली. ते नाव खोटे नाही. पण पुरेसेही नाही. कारण हा मनोरा ज्या साली उभा राहिला, त्याच्या पंचवीसहून अधिक वर्षे आधीच या माणसाने फुंकणी खाली ठेवली होती.

एकट्याची भट्टी

हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. डेल चिहुलीचा जन्म १९४१ सालचा, अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावचा. थोरला भाऊ नौदलात वैमानिकाचे शिक्षण घेत असताना १९५७ साली अपघातात गेला आणि पुढच्याच वर्षी वडील हृदयविकाराने गेले. आई व्हायोला हिने मागे लागून मुलाला महाविद्यालयात घातले. तिला बागेचे वेड होते. पुढे मुलाच्या काचेत जी फुले आणि वेली आल्या, त्यांचे बी त्या घरामागच्या बागेतले. शिकायला घेतली ती अंतर्गत सजावट. काच वाटेत भेटली आणि मग सुटली नाही.

त्या काळी अमेरिकेत काच म्हणजे कारखाना. बाटल्या, बरण्या, दिव्यांच्या काचा. कलावंताने काचेचे काही करायचे तर कागदावर चित्र काढून कारखान्याला द्यायचे. हार्वे लिटल्टन या कुंभारकामाच्या प्राध्यापकाला हे पसंत नव्हते. मातीच्या माणसाला स्वतःची भट्टी असते, मग काचेच्या माणसाला का नसावी, असा त्याचा साधा सवाल होता. १९६२ साली ओहायो राज्यातल्या टोलिडो शहरी, कलासंग्रहालयाच्या आवारात, त्याने लहानशी भट्टी उभारून प्रयोग केला. पहिल्यांदा काच नीट वितळेचना. डॉमिनिक लॅबिनो नावाच्या काच-तंत्रज्ञाने भट्टीची दुरुस्ती सांगितली आणि लवकर वितळणाऱ्या काचेच्या गोट्या आणून दिल्या, तेव्हा कुठे गाडी मार्गाला लागली. एका माणसाने एका भट्टीपुढे उभे राहून सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपली वस्तू आपण करावी, हा विचार त्या प्रयोगातून अमेरिकाभर पसरला. चिहुली या लिटल्टनचा विस्कॉन्सिन विद्यापीठातला विद्यार्थी.

मात्र १९६८ साली शिष्यवृत्तीवर तो इटलीत व्हेनिसला गेला आणि तिथे त्याला अगदी उलटा नमुना दिसला. व्हेनिसच्या जवळ मुरानो नावाचे बेट आहे. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ साली शहरातल्या सगळ्या काचभट्ट्या उचलून या बेटावर नेल्या. पुढे कारागिरांना मान मिळाला, पैसा मिळाला. फक्त बेट सोडून परदेशी जायची मुभा राहिली नाही. विद्या बाहेर जाऊ नये म्हणून केलेली ती सोन्याची बेडी होती. अशा या बेटावर व्हेनिनी नावाच्या नामांकित कारखान्यात चिहुलीने काम पाहिले. तिथे एकटा कुणीच काही करत नव्हता. मधल्या बाकावर उस्ताद बसलेला; एक जण भट्टीतून काच काढून आणतो, दुसरा नळी फिरवतो, तिसरा सांगितल्याबरोबर फुंकतो, चौथा दार उघडतो, सर्वांत धाकटा पोऱ्या ओले लाकडी साचे हाती देतो. फारसे कुणी बोलत नाही. आपल्याकडे लग्नघरातले कसलेले आचारी आणि त्यांची माणसे काम करताना पाहिली असतील, तर हे दृश्य समजायला अवघड नाही.

काचेपुढे असे अनेक हात का लागतात, याचे कारण काचेच्याच स्वभावात आहे. भट्टीत अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास ती मधासारखी असते. बाहेर काढली की तिचे घड्याळ सुरू होते. नळी सतत फिरवत राहावे लागते, नाहीतर गोळा एका बाजूला ओघळतो. थंड पडू लागली की पुन्हा तापत्या झोतापुढे धरायची, पुन्हा फुंकायचे, पुन्हा फिरवायचे. चिमटे, कात्र्या आणि ओल्या लाकडाचे ओगराळे ही यातली हत्यारे. आणखी एक हत्यार आहे, ते या पानाच्या वाचकांना ऐकून बरे वाटेल: वर्तमानपत्राच्या पानांच्या घड्या घालून, पाण्यात भिजवून केलेली गादी. तळहातावर ती ठेवून त्यावर धगधगती काच फिरवतात. मध्ये फक्त ओल्या कागदाची आणि वाफेची आड. घडवून झाल्यावरही वस्तू बाहेर ठेवून चालत नाही. सुमारे पाचशे अंशांच्या कोठीत ठेवून ती तासन् तास, जाड असेल तर कित्येक दिवस, हळूहळू निववावी लागते. घाईने निवली तर वरचा थर आधी आक्रसतो, आतला मागे राहतो, आणि त्या ताणाने आज नाही तर उद्या ती आपोआप तडकते. लहान वस्तू एकट्याने होते. वस्तू मोठी झाली की वजन, वेळ आणि उष्णता यांच्यापुढे एक माणूस अपुरा पडतो.

खाली ठेवलेली फुंकणी

मुरानोहून परतल्यावर चिहुली शिकवू लागला. १९७१ साली सिअॅटलच्या उत्तरेला, हॉबर्ग या कलाप्रेमी कुटुंबाच्या जंगलात, त्याने काही विद्यार्थी आणि मित्र यांना घेऊन उन्हाळी कार्यशाळा भरवली. गाठीला दोन हजार डॉलरचे अनुदान, डोक्यावर तंबू आणि वरून पाऊस. भट्टी विद्यार्थ्यांनीच बांधली. तिचीच पुढे ‘पिलचक’ ही जगप्रसिद्ध काचशाळा झाली. मुरानोचा थोर उस्ताद लिनो ताल्यापिएत्रा १९७९ साली तिथे शिकवायला आला. शतकानुशतके बेटाबाहेर न गेलेली विद्या त्याने परक्या पोरांपुढे मोकळी केली, आणि त्याबद्दल स्वतःच्या गावात बोलही ऐकून घेतले.

दरम्यान १९७६ साली इंग्लंडमध्ये चिहुलीच्या मोटारीला भीषण अपघात झाला. समोरची काच फोडून तो बाहेर फेकला गेला. काचेवर जगणाऱ्या माणसाच्या डाव्या डोळ्याची दृष्टी काचेनेच घेतली. त्यानंतर त्याच्या डोळ्यावर जी काळी पट्टी आली ती कायमची. एका डोळ्याने खोलीचा, अंतराचा अंदाज येत नाही. आणि भट्टीजवळ अंदाज चुकणे परवडत नाही. तरी तो फुंकत राहिला. १९७९ साली समुद्राच्या लाटांवर खेळताना खांदा निखळला आणि जड नळी पेलणेच अशक्य झाले. मग मात्र त्याने फुंकणी दुसऱ्याच्या हाती दिली.

इथपर्यंतची कथा दुःखाची आहे. पुढची नाही. फुंकणी सुटल्यावर त्याने कागद घेतले, रंगाच्या नळ्या घेतल्या, आणि मनात काय आहे ते भराभर रेखाटून साथीदारांपुढे ठेवू लागला. आजवर तो बाकावर बसून एकच बाजू पाहत होता. आता तो भट्टीपासून चार पावले मागे उभा राहिला आणि त्याला सगळे दिसू लागले. कुणाचा हात कशात चालतो, कुणाला फुंकायला द्यावे, कुणाला फिरवायला, हे कळू लागले. वस्तूंचा आकार वाढला, मग त्यांची संख्या वाढली, मग एकेका वस्तूऐवजी त्यांचे ढीग, झुंबरे आणि मनोरे होऊ लागले. १९९६ साली व्हेनिसच्या कालव्यांवर आणि चौकांत त्याची झुंबरे झळकली. १९९९ साली जेरुसलेमच्या जुन्या किल्ल्यात त्याचे प्रदर्शन भरले. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाच्या प्रवेशद्वाराशी, घुमटाखाली, त्याचे निळे-हिरवे झुंबर लोंबू लागले. इंडियानापोलिसचा मनोरा याच ओळीतला. एका दमाच्या माणसाला जे जन्मभरात जमले नसते, ते अनेकांच्या दमावर झाले.

मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. आपल्याकडे हात धरून शिकवणारी माणसे पुष्कळ आहेत. वेळ आली की हात सोडणारी थोडी. दुकानाचा गल्ला असो, संस्थेचे अध्यक्षपद असो, नाही तर सणाच्या पुरणाची कढई असो, ‘मी आहे तोवर मीच’ हा आपला बाणा. ‘त्यांना जमणार नाही’ असे आपण म्हणतो. खरी भीती असते ती त्यांना जमेल याची. मग एक दिवस गुडघा, डोळा किंवा हृदय आपल्या वतीने निर्णय घेते आणि ज्याच्या हाती काम जाते त्याला ते धड शिकवलेले नसते. चिहुलीचा खांदासुद्धा काही त्याला विचारून निखळला नाही. फरक एवढाच की तोवर आठ वर्षे तो एक शाळा चालवत होता. फुंकणी घ्यायला हात तयार होते. द्यायची वेळ आपण निवडू शकत नाही, पण घेणारे तयार करणे तर आपल्या हाती असते!

मग हे काम कुणाचे?

आता दुसरी बाजू. फुंकणी दिली, पण नाव? ज्याने फुंकले नाही, त्याला या कामाचा कर्ता म्हणायचे का, हा प्रश्न चिहुलीला आयुष्यभर विचारला गेला आहे. त्याच्यावर टीका करणारे त्याला कलावंत न म्हणता कारखानदार म्हणतात. माझ्या मते हा आरोप फार टिकत नाही. चित्रपटाचा दिग्दर्शक कॅमेरा हाती धरत नाही आणि वास्तुशिल्पी विटा रचत नाही. चार हजार आठशे तुकड्यांतला कुठला कुठे, कोणत्या रंगाशेजारी कोणता, कुठे दाटी आणि कुठे विरळ, हे ठरवणारी एक नजर लागतेच. ती नसेल तर भट्टीतून निघतो तो नुसता काचेचा ढीग. नजर एकाची असेल तर नाव एकाचे असायलाही हरकत नाही.

पण तेवढ्याने हिशेब मिटत नाही. २००५ साली चिहुलीने दोघांविरुद्ध न्यायालयात दावा लावला. त्यांतला एक अनेक वर्षे त्याच्याच कामावर असलेला काचकारागीर होता. आपल्या घडणीची नक्कल होत आहे, अशी चिहुलीची तक्रार होती. २००६ मध्ये, म्हणजे हा मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, प्रकरण तडजोडीने मिटले. कायद्याचे कायद्याकडे. मला मात्र त्यातली पेचाची जागा वेगळी दिसते. ज्या हातांनी हजारो वेळा एकच वळण दिले, त्या हातांना ते वळण विसरा असे सांगता येते का? शंख-शिंपल्यांचे, फुलांचे आकार एका माणसाच्या मालकीचे कुठपर्यंत? आणि दुसऱ्या बाजूने पाहावे तर, ज्याने ती वाट पाडली त्याच्या डोळ्यांदेखत त्या वाटेवर दुसऱ्याने दुकान थाटावे, हेही कितपत बरे? दोन्ही बाजूंना काही म्हणायला जागा आहे. पण अशी भांडणे न्यायालयात पोचतात तेव्हा बहुतेकदा एक गोष्ट आधीच घडून गेलेली असते: वाटणी पैशाची झालेली असते, श्रेयाची नसते.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. तिथे एक रीत होती. साध्या व्हाउचरवरसुद्धा ते तयार करणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची अशा वेगवेगळ्या सह्या लागत. चूक झाली तर कुणाला धरायचे, यासाठी ती व्यवस्था. वर्षअखेरीला ताळेबंद जुळला आणि शाखेचे कौतुक झाले, की पत्र येई ते मात्र एकाच्याच नावे. चुकीसाठी तीन सह्या आणि कौतुकासाठी एक, हे गणित मला तेव्हाही कळले नाही. व्यवस्थापकाने ते पत्र सूचनाफलकावर लावले, खाली सर्वांची नावे लिहिली, एवढ्यानेही माणसे पुढचे वर्षभर मान वर करून काम करीत. त्याला खर्च काही येत नसे.

आपल्या नाटकवाल्यांना ही गोष्ट फार पूर्वी कळली. पडदा वर जाण्याआधी अंधारातून घोषणा होते. नाटककार आणि दिग्दर्शक यांच्याबरोबर नेपथ्य कुणाचे, प्रकाश कुणाचा, रंगभूषा कुणाची, तीही नावे घेतली जातात. प्रेक्षक तोवर खुर्ची शोधत असतो, त्याचे लक्ष नसते, हे खरे. पण नाव घेतले गेले, हे विंगेत उभ्या असलेल्या माणसाने ऐकलेले असते. वेरुळचे कैलास लेणे आठव्या शतकात कोरले गेले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे नाव त्याच्याशी जोडलेले आपण वाचतो; वरून खाली अखंड डोंगर फोडत आलेल्या छिन्नीवाल्यांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत. तेव्हा जमले नाही, असे म्हणू. आता न जमण्यासारखे काय आहे?

एकेक पैसा, एकेक फुंकर

काच आणि अनेकांचे हात यांची आपली म्हणून एक कथा आहे, ती या निमित्ताने आठवावी. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीचे वारे वाहत होते, त्या सुमारास अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक कल्पना धरली. देशी उद्योग उभा करायचा तर मोठ्या धनिकांच्या दारी जाण्याऐवजी प्रत्येकाकडून फक्त एक पैसा मागायचा. लोकमान्य टिळकांनी या ‘पैसा फंडा’ला पाठबळ दिले. बाजारात, जत्रेत, घरोघर पैसा पैसा गोळा झाला आणि १९०८ साली त्यातून तळेगाव दाभाडे येथे उभा राहिला तो काचेचाच कारखाना. जपान आणि अमेरिकेत ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काम शिकवले. पुढे १९१६ साली औंध संस्थानच्या हद्दीत, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन पोचला आणि त्या ठिकाणाला ओगलेवाडी हे नाव कायमचे मिळाले. वीज नसलेल्या घरांत त्या कंदिलाच्या उजेडात किती जणांनी मुळाक्षरे गिरवली असतील, याची गणती नाही.

काळे, टिळक, वार्ष्णेय, ओगले ही नावे इतिहासात राहिली, हे योग्यच झाले. परंतु पैसा देणाऱ्यांची यादी कुठे लावायची? आणि भट्टीपुढे गाल फुगवून उभ्या राहिलेल्या पोरांची? ती आता करता येणार नाही. तरीही त्या कारखान्याच्या नावातच एक सभ्यपणा होता. त्याला देणगीदाराचे नाव दिले नाही, पुढाऱ्याचे दिले नाही. ‘पैसा फंड’ हेच नाव राहिले. ते उच्चारले की प्रत्येक पैसा देणाऱ्याला आपला वाटा त्यात ऐकू येत असे. श्रेय वाटून देण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो आपल्याच लोकांनी शोधलेला आहे.

काच फुटते, ही तिची ठरलेली बदनामी. पण फुटलेल्या काचेचे तुकडे कारखान्यात फेकून देत नाहीत. ते नव्या मालात मिसळून पुन्हा भट्टीत घालतात, आणि त्यांच्यामुळे नवा माल कमी आचेवर वितळतो. आपल्या बायका हातातली बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. अशुभ टाळण्यासाठी वापरलेला तो शब्द काचेच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. जुन्या काचेने नव्या काचेचे काम सोपे करावे, हा भट्टीचा नियम. वडीलधाऱ्यांना तो लागू करायला हरकत नसावी.

म्हणून अशा शिल्पापुढे उभे राहण्याचा योग कुणाला आलाच, तर नातवंडाला तुकड्यांची संख्या आणि फूट-इंच जरूर सांगावेत. मुलांना आकडे आवडतात. शिल्पकाराचे नावही सांगावे, कारण ती नजर त्याची आहे. त्याचबरोबर हेही सांगावे की वरचा तो लाल पिळलेला तुकडा कुणाच्या तरी छातीतल्या हवेने फुगला होता, त्या वेळी दुसरा कुणी नळी फिरवत होता आणि तिसरा कोठीचे दार उघडून उभा होता. ज्याच्या नावावर हे सारे आहे, त्याला स्वतःला फुंकता येईनासे झाले, म्हणूनच हे एवढे मोठे झाले. मुलाला ते पटेल. त्याला फुगा फुगवताना दम लागतो, त्यामुळे फुंकर म्हणजे काम आहे हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

आणि अमेरिकेला जाण्याचा योग न आलेल्या आपल्यासारख्यांनी घरातच करून पाहावे. येत्या सणाला पुरणाची कढई सुनेकडे, लेकाकडे, नातीकडे द्यावी. आपण चार पावले मागे सरकून उभे राहावे. ढवळताना हात चुकेल, थोडे खाली लागेल, तिकडे लक्ष असावे पण तोंड बंद असावे. आणि जेवताना पाहुण्यांनी ‘पुरणपोळी नेहमीसारखीच झाली हो’ असे म्हटले, की ज्याने केली त्याचे नाव पंगतीत मोठ्याने सांगावे. संग्रहालयाच्या पाटीवर जागा कमी असेल. पंगतीत ती अडचण नसते.